मुकादम

लॅपटॉपला भोकं दोनच.
एकात अंगठ्याचं मशीन, ते हलवता येत नाही,
लोक अंगठा द्यायलाच तर येतात.
लॅपटॉपच्या अंगावरची अक्षरं केव्हाच मेली,
चहा सांडला होता, माझ्याच हातून.
म्हणून कीबोर्ड बाहेरचा, माउस बाहेरचा,
दोघांचे नखाएवढे दोन रिसीव्हर
आणि जागा एक.

माउसचा काढा, कीबोर्डचा घाला,
अर्जदाराचे संपूर्ण नाव.
कीबोर्डचा काढा, माउसचा घाला,
पुढे जा.
घणसोलीत, माथाडी वसाहतीत,
खोलीबाहेर पत्रा टाकून मी बसते.
शिष्यवृत्ती, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला.
एका दाखल्याला तो रिसीव्हर
निदान चौदा वेळा आत-बाहेर व्हायचा.
रांगेतल्या बायका म्हणायच्या,
अगं, हे काय चाललंय तुझं?

माउस आबांकडे.
मणक्यातली गादी सरकली तेव्हापासून
त्यांना घरात करमत नाही.
एकतीस वर्षं वाशीच्या कांदा-बटाट्यात,
पोत्यात हूक रुतवून
एका हिसक्यात पाठीवर घेणारा हात.
त्या हाताखाली माउस असा दिसतो
की आत्ता काहीतरी फुटेल.
फुटत नाही. अजून तरी.
त्यांचा स्वतःचा अंगठा मात्र मशीनवर उठत नाही.
रेषाच उरल्या नाहीत, सगळ्या गोणपाटाला लागल्या.
दर वेळी मशीन म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा.
आबा पुन्हा प्रयत्न करतात.

शेवटी कोपरखैरण्याच्या झुबेरला बोलावलं.
त्याने दोन्ही उलटे करून पाहिले.
ताई, दोघांवर खूण एकच आहे,
एकावर चालतील की.
कीबोर्ड बंद केला, चालू केला,
पडद्यावर कसलंसं चाक फिरत राहिलं,
रांग थांबली, मी थांबले,
आणि मग नाव उमटलं.
एवढंच होतं.
दोन वर्षं मी काढत-घालत होते.

सहापर्यंत झेपतात याला, झुबेर म्हणाला.
सहा? आबा खुर्चीत पुढे सरकले.
म्हणजे मुकादमच आहे हा.
आमच्या टोळीत अकरा होते.
मग त्यांनी झुबेरला सगळं सांगितलं,
गाडी लागली की मुकादम कुठे उभा राहायचा,
स्वतः पोत्याला हात न लावता
नुसत्या खाकरण्यावरून कसा ओळखायचा
कोण कुठल्या गाळ्यात पोचला,
कोण चहाला सटकला.
झुबेरने पन्नास घेतले, चहा घेतला,
गोष्ट मात्र अर्धीच ऐकली.

आता सुरळीत आहे असं नाही.
मी टाइप करतेय तोवर आबा बाण हलवतात,
मागच्या बुधवारी एका मुलीच्या आईचं नाव
उत्पन्नाच्या रकान्यात जाऊन पडलं.
वार्षिक उत्पन्न : सरूबाई.
मुलगी हसली, सरूबाई हसल्या,
आबा म्हणाले, खोटं काय आहे त्यात?
मी खोडलं.
खोडताना आबांकडे पाहिलं नाही,
हसू आलं असतं.

एक रिसीव्हर उरला.
मी तो सेलोटेपच्या डब्यात टाकत होते.
आबांनी मागून घेतला, तळहातावर धरला.
याच्याकडे कोण?
आता कोणी नाही, म्हटलं.
नाव कमी केलं म्हणा याचं, ते म्हणाले,
बोर्डाचं पत्र आलं होतं त्या दिवशीसारखंच,
सपाट आवाजात,
जसं काही भाव सांगतायत कांद्याचा.

माउसच्या पोटात सेलशेजारी एक खाच असते,
मला माहीत नव्हती, त्यांनी शोधली.
नखाने रिसीव्हर आत बसवला,
झाकण लावलं, कानाशी धरून हलवून पाहिलं.

आता म्हणतात, माउस जरा जड लागतो.
नखाएवढ्या वस्तूचं काय वजन असणार!
पण ज्या माणसाला पोतं नुसतं बघून
अर्ध्या किलोचा फरक कळायचा
त्याच्याशी मी वजनावरून वाद घालत नाही.
बाहेर पुढचा माणूस
लेंग्याला अंगठा पुसत उभा आहे.